आधी शब्द, मग मार्क: बेटावरच्या लाल वाईन गोव्यात बसून चाखताना

डिसेंबरात माझा मावसभाऊ आणि वहिनी ऑकलंडहून फोंड्याला आले तेव्हा चार बाटल्या घेऊन आले. माणशी दोन लिटर ड्युटी-फ्री चालते, म्हणजे दोघांच्या चार लिटरमध्ये ७५० मिलीच्या चार बाटल्या आरामात बसतात. चारही लाल, चारही एकाच बागेच्या, आणि ती बाग वायहेके नावाच्या बेटावर. भाऊ म्हणाला, तू एवढं वाईन-वाईन करतोस ना, मग यांना मार्क दे बघू. मी म्हटलं देतो, पण नीट देऊ, पाच जण बसून, डोळ्यांआड बाटल्या ठेवून. त्या संध्याकाळी जे झालं त्यावरून हा लेख लिहायचं डोक्यात आलं, कारण वाईनला १०० पैकी ९२ म्हणजे नक्की काय, ते आकडे कुठून येतात आणि आपल्यासारख्याने ते कसे वाचायचे हे मला खूप जण विचारतात.

आधी बेटाबद्दल, कारण त्याशिवाय ग्लासात काय आहे ते कळणार नाही. वायहेके ऑकलंडसमोर हौराकी आखातात आहे, क्षेत्रफळ साधारण ९२ चौरस किलोमीटर, ऑकलंडच्या धक्क्यावरून फेरीने ४० मिनिटं. आपण रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जातो ना, तसंच समजा, फक्त अंतर जास्त आणि मध्ये मांडवीऐवजी समुद्र. तिथे आजच्या पद्धतीची वाईनची द्राक्षं लावायला सुरुवात झाली १९७८ च्या सुमाराला, गोल्डवॉटर नावाच्या जोडप्याने. न्यूझीलंड म्हटलं की लोकांना पांढरी सोविन्यों ब्लां आठवते, पण वायहेकेचं नाव झालं ते लाल वाईनमुळे. एक प्रकार फ्रान्समधल्या बोर्दो प्रदेशाच्या पद्धतीचं मिश्रण, म्हणजे कॅबरने सोविन्यों, मर्लो, कॅबरने फ्रांक, माल्बेक वगैरे द्राक्षं एकत्र, आणि दुसरा सिरा, ज्याला आपल्याकडे सगळे शिराझ म्हणतात, द्राक्ष तेच.

कॅबरने पिकायला वेळ घेतं आणि त्याला ऊब लागते. बेट ऑकलंड शहरापेक्षा थोडं उबदार आणि थोडं कोरडं, भोवती समुद्र असल्याने हिवाळा फार बोचत नाही आणि उन्हाळा फार भाजत नाही, त्यामुळे घड वेलीवर निवांत पिकतात. पण निवांत म्हणजे बिनधोक नाही. ऑकलंड भागात वर्षाला साधारण ११०० ते १२०० मिलीमीटर पाऊस पडतो, आपल्या हिशोबाने ४५ इंचांच्या आसपास. गोव्याच्या तीन हजार मिलीमीटरसमोर ते काहीच नाही, पण आपला पाऊस ठराविक चार महिन्यांत पडून मोकळा होतो आणि तिथला वर्षभर कधीही येतो, अगदी फेब्रुवारी-मार्चमध्ये घड पिकत असतानाही (तिकडे ऋतू उलटे, तोडणी मार्च-एप्रिलला). पिकत्या मण्यांवर पाऊस पडला की मणी पाणी पितात, फुगतात, रस पातळ होतो, सालं फुटतात, बुरशी धरते. मोठ्या प्रदेशात एका खोऱ्यात पाऊस झाला तर दुसऱ्या खोऱ्यातली द्राक्षं घेऊन भागवता येतं, पण बेटावरच्या चार-पाच एकरच्या बागेला दुसरं खोरं नसतंच. म्हणून छोट्या बेटाच्या वाईनला मार्क देताना तुम्ही बागेइतकेच त्या वर्षाला मार्क देत असता, हे पहिलं लक्षात ठेवायचं.

आमच्या चार बाटल्या म्हणजे २०१९, २०२० आणि २०२३ चं बोर्दो मिश्रण, आणि २०२० चा सिरा. २०१९ उबदार आणि कोरडं वर्ष. २०२० तर इतकं कोरडं की ऑकलंड शहरावर पाणीकपातीची वेळ आली होती, माणसांना त्रास पण द्राक्षांना सोन्यासारखं. आणि २०२३ उलट, २७ जानेवारीला ऑकलंडमध्ये भयंकर पूर आला, त्यातून सावरतात तोच फेब्रुवारीत गॅब्रिएल चक्रीवादळ. आमच्या नाशिकच्या मित्राला हे सांगितलं तर तो लगेच म्हणाला, अरे आमच्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी करून आम्ही पीक मुद्दाम पावसाच्या पलीकडे ढकलतो, जानेवारी ते मार्च तोडणी, त्यांना तशी सोयच नाही. बरोबर आहे त्याचं, थंड देशात वेल हिवाळ्यात झोपतेच, तिला वर्षातून एकदाच संधी मिळते.

आता चाखणं. त्यात गोव्यातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे तापमान. बाटलीवर किंवा पुस्तकात लिहिलेलं असतं की लाल वाईन रूम टेंपरेचरला प्या, पण ती रूम युरोपातली, १६-१८ अंशांची. आपल्या हॉलमध्ये डिसेंबरच्या रात्रीसुद्धा २७-२८ अंश असतात, मे महिन्यात तर विचारूच नका. एवढ्या गरम वाईनमध्ये अल्कोहोल आधी नाकात जातो, स्पिरीटसारखा झणका येतो आणि फळाचा वास त्याच्यामागे दबून जातो. मग लोक म्हणतात लाल वाईन कडक लागते. बर्फ आणि पाणी घातलेल्या बादलीत बाटली दहा-बारा मिनिटं ठेवा, किंवा फ्रीजमध्ये पाऊण तास, आणि मग ओता. उलट फार थंड केली तर वास उठतच नाही आणि तुरटपणा टोचतो. मी एकदा एकच वाईन दोन ग्लासात, एक २८ अंशाला आणि एक १७ ला, घरच्यांना दिली तर सगळ्यांनी त्या दोन वेगळ्या वाईन आहेत असंच धरलं. गोव्यात बसून कुणी लाल वाईनला कमी मार्क दिले असतील तर मी आधी विचारतो की बाटली किती गरम होती.

ओतायचं थोडं, ५० मिली पुरे. ग्लास वर निमुळता होणारा, म्हणजे वास आत कोंडून राहतो. पांढऱ्या कागदासमोर ग्लास तिरका धरून कडेचा रंग बघा. तरुण वाईनची कड जांभळट, वय झालं की विटकरी होत जाते, कारण सालीतून आलेली रंगद्रव्यं हळूहळू टॅनिनशी, म्हणजे तुरटपणा देणाऱ्या द्रव्यांशी, जोडली जातात. ग्लासाच्या काचेवरून ओघळ उतरतात त्यांना लोक फार महत्त्व देतात, पण ते मुख्यतः अल्कोहोल आणि पाण्याच्या वेगवेगळ्या बाष्पीभवनामुळे होतात, वाईन चांगली की वाईट हे त्यातून कळत नाही. रंगात फार वेळ घालवू नका, त्याचं कारण पुढे येईल.

वास हा खरा खजिना. चवीच्या नावाखाली आपण जे काही सांगतो त्यातलं बहुतेक खरं तर वास असतो, घशाच्या मागच्या बाजूने नाकात चढलेला. सर्दी झाली की कोळंबीचं हुमण पण कसं नुसतं तिखट-आंबट पाणी लागतं, त्याचं कारण हेच. ग्लास दोन-चार वेळा गोल फिरवायचा, नाक आत घालायचं, छोटे श्वास घ्यायचे आणि जे पहिलं आठवेल ते लिहायचं. इथे आपल्या लोकांची अडचण अशी होते की परदेशी वर्णनांत ब्लॅककरंट, ब्लॅकबेरी, सीडर असं सगळं असतं आणि त्यातलं निम्मं आपण झाडावर कधी पाहिलेलंच नसतं. मग माणूस ऐकीव शब्द लिहितो. असं करू नका. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात अ‍ॅन नोबल यांनी वाईनच्या वासांचं चक्र छापलं, त्यामागचा विचारच हा होता की शब्द ओळखीच्या, हातात धरता येईल अशा वस्तूंचे असावेत. आपल्याकडे जांभूळ आहे, करवंद आहे, सुकवलेलं कोकम आहे, तमालपत्र, मिरी, तंबाखूचं पान, चंदन, पेन्सिल सोलल्यावरचा वास आहे. कॅबरनेला मी जांभूळ म्हणतो आणि मला तो शब्द ब्लॅककरंटपेक्षा जास्त खरा वाटतो, कारण त्यात फळ पण येतं आणि जिभेवरची तुरट पकड पण येते.

काही वास तर थेट रसायनाशी जोडता येतात, आणि हे कळल्यावर चाखण्यातली गूढ वाटणारी गोष्ट एकदम साधी होते. कॅबरने नीट पिकलं नाही तर ढोबळी मिरचीचा वास येतो, कारण दोघांतही पायरॅझिन नावाचं तेच द्रव्य असतं, एका लिटरमध्ये अब्जांश ग्रॅमच्या हिशोबात पण नाकाला पुरतं, आणि उन्हात घड पिकत गेला की ते कमी होत जातं. सिराला मिरीचा वास येतो तो रोटंडोन नावाच्या द्रव्याचा, खऱ्या काळ्या मिरीतही तेच असतं. हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये शोधून काढलं, आणि त्यात आणखी एक गोष्ट सापडली की साधारण पाचातल्या एका माणसाला हा वास येतच नाही, चाचणीत दिलेलं प्रमाण बरंच जास्त असलं तरी. आमच्या टेबलावर एक काका होते, आयुष्यभर मसाल्याचं दुकान चालवलेले, त्यांना सिरात मिरी अजिबात सापडली नाही, बाकी चौघांनी न विचारता मिरी लिहिली होती. काकांचं नाक वाईट नाही, ते आम्हाला लवंग आणि दालचिनी सांगून गेले जी आम्हाला लक्षातच आली नव्हती, फक्त त्या एका वासाला त्यांच्या नाकात बहुधा जागा नाही. म्हणजे एखाद्या नामांकित परीक्षकाला पण तो वास येत नसेल तर त्याने सिराला दिलेला आकडा आणि तुमचा आकडा कधीच जुळणार नाही, आणि दोघांपैकी कोणीच चुकलेलं नसेल.

दोषांचे वास पण ओळखून ठेवा. ओल्या पुठ्ठ्याचा, जुलैत बंद राहिलेल्या कपाटाचा वास आला तर बूच बिघडलंय (न्यूझीलंडच्या बहुतेक बाटल्यांना स्क्रू कॅप असते, म्हणून तिथे हे क्वचित). नेलपॉलिश किंवा माडाच्या व्हिनेगरचा झणका आला तर जिवाणूंनी अ‍ॅसिड वाढवलंय. घोड्याच्या तबेल्यासारखा वास ब्रेट नावाच्या यीस्टचा, आणि तो थोडासा असला तर काही लोकांना आवडतो सुद्धा, मला नाही आवडत.

आता तोंडात. टॅनिन समजवायला गोव्याइतकी सोपी जागा नाही. काजूचं बोंडू खाल्लंय ना? पहिल्या चाव्याला गोड रस, आणि मग हिरड्या, गाल, घसा सगळं कोरडं, धरल्यासारखं. ते टॅनिन. लाळेत प्रथिनं असतात, ती तोंड ओलं आणि गुळगुळीत ठेवतात, टॅनिन त्यांना पकडून गोळा करतं आणि वंगण निघून जातं, म्हणून खरखरीत लागतं. म्हणजे तुरट ही चव कमी आणि स्पर्श जास्त. लाल वाईनमध्ये ते येतं साल आणि बियांतून, कारण लाल वाईन सालीसकट आंबवतात. हे एकदा कळलं की टॅनिन किती आहे यापेक्षा कसं आहे हे विचारायला लागतो आपण: कच्च्या सुपारीसारखं ओरबाडतंय की पिकल्या जांभळासारखं नुसतं बोट धरतंय.

आंबटपणा वेगळा, त्याने जिभेच्या कडेला पाणी सुटतं. टॅनिन तोंड सुकवतं, आंबट तोंड ओलं करतं, नवीन माणूस नेहमी या दोघांत गोंधळतो. अंग, म्हणजे बॉडी, समजून घ्यायला नारळाचं पहिलं दूध आणि तिसरं दूध आठवा, चव तीच पण तोंडात वजन वेगळं. आणि शेवटी, गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती सेकंद रेंगाळते ते मोजा. फ्रेंच लोकांनी तर त्या एका सेकंदाला कोदाली असं नावच दिलंय.

थुंकण्याबद्दल. आपल्याकडे लोकांना लाज वाटते, पाहुण्यासमोर कसं थुंकायचं. वहिनीने माळ्यावरून आजीची पितळेची पिकदाणी काढली, घासली, मध्यभागी ठेवली आणि प्रश्न मिटला. पाच ग्लास खरंच पिऊन टाकले तर शेवटच्या ग्लासाला मार्क तुम्ही नाही, तुमच्यातला अल्कोहोल देतो. सोबत फक्त साधी पोई (आमचा गोव्याचा पाव) आणि पाणी ठेवा. तिखट नको, अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही मिरचीची आग वाढवतात. मासे तर नकोच, आणि हे नुसतं परंपरेने नाही, जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की वाईनमधलं लोह माशाच्या चरबीशी गाठ पडल्यावर तो नकोसा मासळट वास तयार करतं. तळलेला बांगडा आणि लाल वाईन एकत्र का बिघडतं हे मला त्यानंतर कळलं.

मग मार्क. जगात दोन पद्धती जास्त चालतात. जुनी २० मार्कांची, जी युरोपात आणि डेव्हिसमध्ये वाढली, आणि १०० मार्कांची, जी अमेरिकेच्या रॉबर्ट पार्कर यांनी १९७८ नंतर आपल्या वार्तापत्रातून घरोघरी पोचवली. त्या १०० मधले ५० तर वाईनला नुसतं हजर राहिल्याबद्दल मिळतात! उरलेल्या ५० मध्ये ५ रंगाला, १५ वासाला, २० चव आणि रेंगाळण्याला, १० एकूण दर्जा आणि पुढे टिकण्याच्या शक्यतेला. म्हणून ८५ ऐकून शाळेच्या हिशोबाने डिस्टिंक्शन समजू नका, तिथे ८५ म्हणजे ठीकठाक चांगली. दर्जा ठरवताना मी स्वतः चार प्रश्न विचारतो, लंडनच्या वाईन अभ्यासक्रमात पण हेच शिकवतात: तोल आहे का, किती रेंगाळते, वासात जोर किती, आणि एकावर एक किती थर सापडतात. आवडली का हा प्रश्न वेगळ्या ओळीत लिहायचा, यात मिसळायचा नाही.

आणि या आकड्यांवर भरवसा किती? १९७६ च्या २४ मे रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनीच डोळ्यांआड चाखून कॅलिफोर्नियाच्या वाईनना पहिले नंबर दिले आणि नावाचा दबाव गेल्यावर काय होतं ते जगाला दिसलं. २००१ मध्ये बोर्दोत वाईन शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन वास नसलेला लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं (म्हणून म्हटलं, रंगात फार वेळ नको, डोळे नाकाला आधीच सांगून टाकतात). आणि कॅलिफोर्नियाच्या एका मोठ्या स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी परीक्षकांना एकाच बाटलीतली वाईन गुपचूप तीनदा दिली, २००८ मध्ये छापलेल्या निकालात तिन्ही वेळा जवळपास सारखे मार्क देणारे दहातला एकच निघाला.

हे वाचलेलं होतं म्हणून मी वहिनीला आधीच सांगितलं होतं की बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळ, नंबर तू टाक, आणि चारातली एक बाटली पाचवा ग्लास म्हणून परत दे, कुठली ते सांगू नकोस. ती ओतणार म्हणून तिने मार्क दिले नाहीत.

माझा कागद असा झाला. पहिला ग्लास: ढोबळी मिरची, कच्चं करवंद, पातळ, आंबट पुढे, लवकर संपते, २० पैकी १३.५. दुसरा: जांभूळ, पेन्सिल, टॅनिन बरोबर, लांब, १७. तिसरा: जांभूळ पण सुकल्यासारखं, तंबाखू, मऊ, १६. चौथा: मिरी, करवंद, धूर, १७. पाचवा: जांभूळ, पेन्सिल, फार तुरट, शेवट कोरडा, १४.५.

वर्तमानपत्र काढलं. पहिला २०२३, तो सगळ्यांनीच ओळखला, पुरातल्या वर्षाची हिरवट चव लपत नाही. तिसरा २०१९, चौथा सिरा. आणि दुसरा आणि पाचवा एकच, २०२० चं मिश्रण. एकाच बाटलीला मी तासाभरात १७ पण दिले आणि १४.५ पण. मी तो कागद बराच वेळ बघत बसलो. आकडे अडीच मार्कांनी हलले होते पण शब्द हलले नव्हते, दोन्हीकडे जांभूळ आणि पेन्सिल. बदलला होता एकच शब्द, टॅनिन बरोबरचं फार तुरट झालं होतं. आणि त्याचं कारण ग्लासात नाही, माझ्या तोंडात होतं: टॅनिनचा परिणाम घोटागणिक साठत जातो, चार लाल वाईननंतर लाळ थकलेली, मी मध्ये पुरेसं पाणी प्यायलो नव्हतो, पोई पण खाल्ली नव्हती. नुसता आकडा लिहिला असता तर मला काहीच कळलं नसतं, पाचवी वाईन वाईट एवढंच धरून बसलो असतो. शब्द लिहिले होते म्हणून चूक कुठे झाली ते बोट ठेवून दाखवता आलं. म्हणून मी आता सगळ्यांना हेच सांगतो की आधी शब्द पूर्ण लिहा, आपल्या भाषेतले, आणि मार्क सगळ्यात शेवटी, पेन्सिलने. दुसऱ्याचा स्कोअर वाचतानाही आकडा झाकून आधी वर्णन वाचा, त्यावरून तुम्हाला वाईन डोळ्यासमोर येत नसेल तर आकड्याचा उपयोग नाही.

भावाने विचारलं, मग त्या २०२३ ला १३.५ हे बरोबर की नाही. मला ते बरोबर वाटतात, कारण तोल नाही आणि चव टिकत नाही, पण त्याच्या पुढे कागदावर मी पूर आणि चक्रीवादळ हे दोन शब्द लिहिले. जाळ्या लावून पक्ष्यांपासून वाचवलेले घड, हाताने तोडलेले, बाटल्यांपासून बुचापर्यंत सगळं फेरीने आणायचं, आणि तसल्या वर्षातही त्या माणसांनी वाईन केली, दोष एकही नव्हता तिच्यात. दर्जाचे मार्क मी वाढवणार नाही, पण ते वाचणाऱ्याला वर्ष कळलंच पाहिजे.

उरलेली वाईन छोट्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून, हवा कमीत कमी ठेवून, फ्रीजमध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी २०२० एकटीच काढली, आधी दुसरं काही नाही, पोईचा तुकडा, पाणी, मग घोट. १६ दिले. कागदावर तिन्ही आकडे तसेच आहेत, १७, १४.५, १६, आणि तिन्हींच्या शेजारी जांभूळ.